तुतीच्या बागेचं कुलूप

स्वतःच्याच दाराबाहेर अडकलेला माणूस कसा दिसतो, हे किल्लीदादाइतकं त्या वस्तीत कोणालाच ठाऊक नव्हतं. केस ओले, अंगावर टॉवेल, हातात कचऱ्याची बादली आणि पाठीमागे धाडकन लागलेलं दार. असा माणूस आधी हसतो, मग दाराला खांदा लावून बघतो, मग घरात नसलेल्या बायकोवर चिडतो आणि शेवटी खाली निरोप पाठवतो, ‘दादाला बोलवा.’ किल्लीदादा पिशवी घेऊन जिना चढायचा, टॉवेलाकडे ढुंकूनही न बघता कुलपापुढे गुडघे टेकायचा आणि दार उघडून द्यायचा. दुसऱ्या दिवशी तोच माणूस कोट घालून रस्त्यात भेटला, तरी दादा त्याला नेहमीसारखाच नमस्कार करायचा. टॉवेलाचा विषय त्याच्या तोंडून कधी निघाला नाही. एवढ्या एका गुणावर सगळ्या वस्तीचा त्याच्यावर जीव होता.

हा गुण आणि हा धंदा, दोन्ही त्याला सासऱ्याकडून मिळालेले. सासरा तापट होता. जावयाला कानस धरायला शिकवताना त्याने हातावर फटकेही मारले, पण एक गोष्ट मात्र शांतपणे, समोर बसवून सांगितली होती. गिऱ्हाइकाच्या किल्लीची नक्कल आपल्याकडे ठेवायची नाही. एकही नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. दार ज्याचं, किल्ली त्याची. दादाने ते व्रतासारखं पाळलं होतं. निदान दुकानात तरी.

आणि दुकान होतं मोठं झकास जागी. शहराच्या अगदी पोटात, गाड्यांच्या गोंगाटात, चार जुन्या दगडी इमारती एकमेकींकडे तोंड करून उभ्या होत्या. कमानीची दारं, लोखंडी जाळीचे सज्जे, छपराखाली कोरलेली दगडी पानं. लांबून येणारे लोक माना वर करून त्या पानांचे फोटो काढायचे. आत राहणारे लोक त्याच पानांमधून गळणाऱ्या पाण्याखाली बादल्या ठेवायचे. इमारती सरकारी यादीत होत्या, त्यामुळे भिंतीत खिळा ठोकायचा तरी परवानगी लागायची. या चारींच्या मधोमध एक बाग होती. बाग म्हणजे काय, एक तुतीचं म्हातारं झाड, एक कोरडा दगडी हौद, दोन बाकं आणि हिरवळ. पण मैलभर चालून गेलात तरी तेवढं हिरवं दुसरीकडे दिसायचं नाही.

बागेला रस्त्याच्या बाजूने एक उंच लोखंडी दार होतं आणि दारातच बसवलेलं जुनं, सात लिव्हरचं कुलूप. त्याची एकेक पितळी किल्ली प्रत्येक इमारतीत जिन्याच्या तळाशी खिळ्यावर टांगलेली असायची. सकाळी ज्याला आधी वाटेल त्याने उघडायचं आणि संध्याकाळी जो शेवटी निघेल त्याने लावायचं. हा नियम कोणी लिहिला नव्हता आणि कोणी मोडलाही नव्हता. लोक तिथे भाजी निवडायचे, वर्तमानपत्र वाचायचे, भांडायचे आणि समेट करायचे. तुती पिकल्या की सगळ्यांची बोटं आठवडाभर जांभळी.

दादाचं दुकान म्हणजे एके काळी माळ्याची फावडी-कुदळी ठेवायची खोली. त्यामुळे त्या एकट्या दुकानाला मागून, थेट बागेत उघडणारं दार होतं. इमारतींची बागेकडची बाकी दारं कधीच चिणून टाकलेली होती. मागचं दार असल्यामुळे बागेची उस्तवारही आपसूक दादाच्या गळ्यात पडली. झाडलोट तोच करायचा, पाणी तोच घालायचा, आणि लोक म्हणायचे, ‘वा, दादा!’ वा म्हणायला काय जातं? झाडू कोणी हातात घेत नव्हतं.

झालं ते असं. एका वर्षी हौदाजवळची हिरवळ पार उडाली, नुसती माती उरली. दादाने जमीन खणली, खडे वेचले, बी पेरलं, भोवती दोरी बांधली. आठवड्याभरात बारीक हिरवी लव दिसायला लागली. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तो उकिडवा बसून ती बघायचा. आणि एका रविवारी शेजारच्या इमारतीतल्या छापखानेवाल्यांकडे पाहुणे आले. सगळे बागेत जेवले. संध्याकाळी दादा बघतो तर दोरी तुटलेली, खुर्च्या मधोमध मांडलेल्या, लव चिखलात तुडवलेली आणि वर खरकट्या कागदी ताटल्या. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण माणूस भिडस्त. भांडायला गेला नाही. त्याने ताटल्या उचलल्या, पुन्हा बी पेरलं, आणि दुपारी सगळे झोपलेले असताना दारातलं कुलूप उतरवून दुकानात नेलं. दोन लिव्हर, म्हणजे किल्लीचे दाते ज्यांना उचलतात त्या आतल्या पट्ट्या, काढून त्याजागी दुसरे बसवले. जुने दोन लिव्हर तेलाच्या डबीत टाकले. आता नवी किल्ली फक्त त्याच्याकडे होती. गवत रुजेपर्यंत, तो स्वतःशी म्हणाला. पंधरा-वीस दिवसांचा तर प्रश्न.

दुसऱ्या दिवशी छापखानेवाले किल्ली घेऊन आले. “दादा, किल्ली फिरतच नाही रे.”

“बघतो,” दादा म्हणाला.

खरं तर इथेच सांगायचं होतं. ‘गवत रुजू दे, मग उघडतो,’ म्हटलं असतं तर छापखानेवाले थोडे ओशाळले असते आणि गोष्ट मिटली असती. पण छापखानेवाल्यांचा चेहरा इतका विश्वासाचा होता, की दादाच्या तोंडून आपोआप निघालं, “जुनं कुलूप आहे. आतून गंजलंय. जोर लावू नका, किल्ली तुटेल.”

मग सिस्टरबाई आल्या. सिस्टरबाई म्हणजे समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त नर्स. दवाखाना सुटला तरी त्यांचं काम सुटलं नव्हतं. वस्तीतल्या सगळ्यांना इंजेक्शन त्यांनीच द्यायचं. लहान पोर ‘कधी देणार?’ म्हणून भोकाड पसरायचं, तोवर त्या सुई काढून कापूस दाबत असायच्या. त्यांचं इंजेक्शन दुखत नाही अशी ख्यातीच होती. दादाच्या बायकोला टायफॉइड झाला तेव्हा याच बाईंनी सकाळ-संध्याकाळ जिने उतरून येऊन तिला सुया टोचल्या होत्या आणि चहाचा घोटही घेतला नव्हता.

“मी फिरवून बघितली,” सिस्टरबाई म्हणाल्या. “नाही फिरत. पण गंजल्यासारखं वाटत नाही रे. किल्ली आत सरळ जाते.”

बाईंच्या हाताला बारीकसारीक सगळं कळायचं. दादा घाबरला. आणि घाबरलेला माणूस जे तोंडाला येईल ते बोलतो, तसा तो बोलला. “सिस्टर, कुलूप जड झालंय. मनगटात जोर लागतो. आता तुमचं वय झालं.”

बाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. किल्ली पदराला पुसली आणि घरी गेल्या.

गवत रुजलं. इतकं सुंदर रुजलं, की दादाला ते तुडवलेलं बघायची कल्पना सोसेना. अजून महिनाभर, तो म्हणाला. मग तुती पिकल्या आणि पहिल्यांदाच सगळ्या झाडावरच राहिल्या. दुपारी मागचं दार उघडून तो झाडाखाली चहा घेऊन बसला. बाहेर गाड्या बोंबलत होत्या, आत पाखरं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारापुढे गुडघे टेकलेल्या माणसाला कोणीतरी खुर्ची दिल्यासारखं वाटलं. मग पावसाळा गेला, वर्ष गेलं, वर्षं गेली. उघडायचं कसं, हाच प्रश्न होऊन बसला. आज उघडलं तर काल का नाही, हे विचारणारच ना कोणीतरी!

वरच्या खिडकीत कोणी आलं की दादा चटकन कप बाकाखाली सरकवायचा आणि झारी उचलायचा. लोकांना दिसायची ती झारी. ‘बिचारा एकटा राबतो,’ ते म्हणायचे. कोणी म्हणालं, तुझ्या दुकानातून आत जाऊ का, तर दादा म्हणायचा, आत तेजाब आहे, पाती आहेत, कोणाला लागलं तर? दुसरा किल्लीवाला बोलवावा असं कोणाच्या मनातही आलं नाही. तो दादाचा अपमान झाला असता. आणि दार कापायची सोय नव्हती, कारण दारही सरकारी यादीत.

हळूहळू लोकांनी बागेचा नाद सोडला. खिळ्यावरच्या किल्ल्या अडगळ झाल्या. एकेक जण येऊन दादाच्याच टेबलावर ठेवून गेला. ‘घे रे, पितळ चांगलं आहे, कामाला येईल.’ दादाने त्या घेतल्या आणि कानशीने घासून त्यांतून दुसऱ्या किल्ल्या काढल्या. पितळेचा भुगा फुंकताना त्याची मान वर होत नव्हती. सासरा समोर बसलाय असं त्याला वाटायचं.

सिस्टरबाईंची किल्ली मात्र आली नाही. सिस्टरबाईही खाली यायच्या कमी झाल्या. एकदा त्याची बायको सांगत होती, “बाईंनी इंजेक्शन द्यायचं सोडलं म्हणे. शेजारणीच्या नातवाला घेऊन गेले, तर म्हणाल्या, हात आता भरवशाचा राहिला नाही. लेक आता दाराला कुलूपसुद्धा लावू देत नाही त्यांना.” दादा जेवत होता. ‘वय झालं त्यांचं,’ तो म्हणाला, आणि पाणी प्यायला. बायकोने वर पाहिलं, पण तिला काय कळणार होतं?

मग त्या पाहणीवाल्या बाई आल्या. जुन्या इमारती सांभाळणाऱ्या खात्यातल्या. गळ्यात ओळखपत्र, पायात मळके बूट, बोलणं स्पष्ट. चारी इमारती यादीत राहणारच, त्या म्हणाल्या. बागेचं मात्र सांगता येत नाही. वस्तीत गाड्या लावायला जागा नाही. बाग वापरात नसेल तर फरशी घालून तिथे गाड्या लावायचं घाटतंय. त्या येत्या गुरुवारी पुन्हा येतील, बघतील आणि तसं कळवतील.

वस्ती हादरली. तुतीचं झाड कापणार? हे ऐकून लोकांना आठवलं की आपल्याला बाग होती. सगळे दादाच्या दुकानापुढे गोळा झाले आणि छापखानेवाल्यांनी पाहणीवाल्या बाईंसमोर दादाच्या खांद्यावर हात ठेवला.

“ही बाग जिवंत आहे ती या माणसामुळे,” ते म्हणाले. “कुलूप गंजलं, आम्ही सगळ्यांनी हात टेकले, पण यानं पाणी घालायचं सोडलं नाही. एक पैसा मागितला नाही.”

“देवमाणूस आहे,” कोणीतरी मागून म्हणालं.

दादा मेल्याहून मेल्यासारखा झाला. त्याला हसू आणायचं होतं, ते येईना. कान तापले. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या, पण खांद्यावरचा तो हात सोसेना. त्याची नजर खाली गेली आणि स्वतःची बोटं दिसली. टोकं जांभळी. त्याने मुठी मिटल्या.

आता तुम्हाला वाटेल, हा मनुष्य त्याच क्षणी सगळं ओकला असेल. छे. लाज वाटणं वेगळं आणि लाज पत्करणं वेगळं. घरी जाईपर्यंत त्याने एक तोड काढली होती. जुने लिव्हर परत बसवायचे. गुरुवारी सगळ्यांसमोर तेल सोडायचं, दोन-चार टोले हाणायचे, घाम पुसायचा आणि कुलूप ‘दुरुस्त’ करून दार उघडायचं. बाग वाचेल, नाव वाचेल, आणि मग जुन्या नमुन्याच्या किल्ल्या करून चारी जिन्यांत टांगून टाकू. झाली गेली गोष्ट गंगेला मिळाली. आपण किती हुशार, असंही त्याला घटकाभर वाटलं. मागाहून त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या घटकेची.

बुधवारी दुपारी त्याने तेलाची डबी उघडली. लिव्हर नव्यासारखे निघाले. गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता.

गुरुवारी दारापुढे जत्रा भरल्यासारखी माणसं. पाहणीवाल्या बाई आल्या. दादाने बाह्या सरसावल्या, तेलाची पिचकारी काढली आणि हातोडी उचलली. इतक्यात समोरच्या जिन्यावरून आवाज आला.

“थांब जरा. मला एकदा बघू दे.”

सिस्टरबाई उतरत होत्या. मागे त्यांची लेक, कोपर धरून, चिडलेली. “आई, अगं काय हे! पडशील. तुझ्यानं फिरणार आहे का ती?”

“नाही फिरली तर नाही. पण एकदा. पुन्हा बाग राहते की नाही कोण जाणे.” बाईंच्या हातात किल्ली होती. रोज घासल्यासारखी लखलखीत.

दादाने पिचकारी पुढे केली. “सिस्टर, थांबा, अजून तेल घातलं नाही,” तो म्हणाला. “जोर लागेल.” पण लोकांनी बाईंना वाट करून दिली होती. बाईंनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, किल्ली आत घातली, डोळे मिटले आणि फिरवली.

लोण्यात सुरी फिरावी तशी ती फिरली. कुलपाची जीभ खट्कन मागे गेली.

टाळ्या पडल्या. लेक रडायलाच लागली. “आई, तुझा हात!” छापखानेवाले ओरडले, “सिस्टरबाईंच्या हाताला यश आहे!” बाई मात्र आपला हात वर धरून बघत होत्या, उलटा, सुलटा. त्यांच्या तोंडावर नव्या नवरीसारखं काहीतरी आलं होतं. “जोर लागलाच नाही,” त्या म्हणाल्या. “अगं, जोरच नाही लागला.”

दादाला वाटलं, बरं झालं. चमत्कार समजतील. गप्प राहावं. दारही उघडलं, सिस्टरबाईही खूश. मूग गिळून बसायला यापेक्षा चांगली जागा मिळायची नाही.

पण पाहणीवाल्या बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. “दार उघडलं, चांगलं झालं,” त्या म्हणाल्या. “पण मला कचेरीत विचारणार ते हे नाही. एवढी वर्षं बाग बंद होती आणि तुमचं कोणाचंच काही अडलं नाही. एकाही माणसानं तक्रार केली नाही, दुसरा कारागीर आणला नाही. ज्यांना बाग नकोच आहे, त्यांच्यासाठी जागा अडवून कशाला ठेवायची, असं म्हणतील. मी काय उत्तर देऊ?”

छापखानेवाले गोंधळले. “अहो, कुलूपच बिघडलं होतं. आमचा दादा एवढा जाणकार, त्याला जमेना तिथे दुसरा काय करणार?”

“म्हणजे तुम्ही सोडून दिलंत,” बाई म्हणाल्या. त्या रागाने बोलत नव्हत्या. “वाईट वाटतंय मला, पण मला जे दिसलं तेच सांगावं लागेल.”

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. आपल्याच आळसाने झाड जाणार, असं त्यांना वाटलं. सगळ्यांना लाज वाटत होती, आणि ती त्यांची नव्हती. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांची लाज राखली, त्याच्यापुढे हे लोक त्याचीच लाज स्वतःच्या अंगावर घेऊन उभे होते. ते मात्र दादाला बघवेना.

“कुलूप बिघडलं नव्हतं,” तो म्हणाला.

त्याचा आवाज इतका बारीक निघाला की कोणाला ऐकूच गेला नाही. त्याला तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. एकदा बोललेलं परत बोलणं किती अवघड असतं!

“कुलूप कधीच बिघडलं नव्हतं. मी आतले लिव्हर बदलले होते. तुमच्या किल्ल्या लागू नयेत म्हणून. गवत तुडवलंत म्हणून राग आला होता. मग... मग मला एकट्याला बरं वाटायला लागलं. यांनी बाग सोडली नाही, बाई. मी यांना आत येऊ दिलं नाही. काल दुपारी जुने लिव्हर परत घातले.”

छापखानेवाले दोन पावलं मागे सरकले. दुकानाच्या पायरीवर बायको उभी होती. ती वळून आत गेली.

“हे तुम्ही कचेरीत येऊन सांगाल?” पाहणीवाल्या बाईंनी विचारलं. “सगळ्यांसमोर?”

“सांगीन.”

“आणि माझा हात?” सिस्टरबाईंनी विचारलं.

दादाला वर बघता येईना. “हाताला काही झालं नव्हतं, सिस्टर. मी खोटं बोललो.”

मघाचं ते तेज बाईंच्या तोंडावरून उतरून गेलं होतं. किल्ली दारातच ठेवून त्या वळल्या. लेकीने सवयीने कोपर धरलं, ते त्यांनी हिसडून सोडवून घेतलं आणि जिना एकट्या चढून गेल्या. इतक्या वर्षांनी बाग उघडली आणि त्या दिवशी त्या आत गेल्याच नाहीत.

दादा कचेरीत गेला. मोठ्या खोलीत, लांब टेबलापुढे, अनोळखी माणसांसमोर त्याने सगळं पुन्हा सांगितलं. एकाने मध्येच हसून विचारलं, “म्हणजे सगळी वस्ती तुम्ही एकट्यानं बाहेर ठेवलीत?” तो ‘हो’ म्हणाला. बाग राहिली. गाड्यांसाठी दुसरीकडे कुठेतरी जागा बघायचं ठरलं.

परत आल्यावर त्याने दारातलं कुलूप उतरवलं आणि त्या जागी काहीच बसवलं नाही. मग दुकानात येऊन मागच्या दाराला आतून कडी घातली. आता बागेत माणसांचा आवाज असायचा, बायकांचं हसणं, पोरांची आरडाओरड. दादा दुकानात काम करत ते ऐकायचा. चहा तिथेच, तेजाबाच्या वासात.

वस्ती त्याच्याशी वाईट वागली नाही, हे सांगायला हवं. कोणी दगड मारला नाही, कोणी दुकानावर थुंकलं नाही. फक्त अडकलेली माणसं आता टॉवेल सावरत पार बाजारापर्यंत जायची आणि तिथला किल्लीवाला आणायची. आणि छापखानेवाले, जे त्याला पहिल्या दिवसापासून ‘अरे दादा’ म्हणत आले होते, ते एकदा समोरासमोर आले आणि म्हणाले, “काय, बरे आहात ना तुम्ही?” दादा ‘हो’ म्हणाला आणि दुकानात येऊन बराच वेळ नुसता बसून राहिला. ‘तुम्ही’ हा शब्द इतका लागतो हे त्याला ठाऊक नव्हतं. घरी बायको बोलायची, जेवायला वाढायची. एकदाच म्हणाली, “त्या बाईंनी माझा जीव वाचवला होता.” बस, तेवढंच.

पुढच्या वर्षी तुती पिकायच्या सुमाराला एका दुपारी जुनी गंजकी कडी घासताना कानस सटकली आणि तळहातात घुसली. रक्त थांबेना. बायकोने फडकं गुंडाळलं, गंजाचं लागलंय, सुई घ्यायला हवी, म्हणाली आणि बाहेर गेली. दादाला वाटलं, दवाखान्यात न्यायला गाडी बघायला गेली असेल. तो हात छातीशी धरून बसला.

थोड्या वेळाने मागच्या दारावर थाप पडली. बागेच्या बाजूने.

तो उठला नाही. दुसरी थाप पडली. “अरे, उघड. जिने उतरून आलेय मी.”

दादाने मोकळ्या हाताने कडी काढायचा प्रयत्न केला. इतक्या दिवसांत ती घट्ट बसली होती; त्याला चांगलाच जोर लावावा लागला. दार उघडलं तर समोर सिस्टरबाई, हातात त्यांची जुनी पत्र्याची पेटी. केसांत तुतीचं एक पान अडकलेलं. मागे झाडाखाली छापखानेवाल्यांची सून भाजी निवडत होती, ती इकडे बघत होती.

बाई आत आल्या. स्टूल पुढे ओढलं, जखम पाहिली, धुतली, बांधली. मग सुई भरली, उजेडापुढे धरली, दंडावर कापूस फिरवला. दादाने डोळे मिटले. पहिल्या दिवसापासून जे मनात साठलं होतं ते सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं, आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं.

“दुखलं?” बाईंनी विचारलं.

त्याने डोळे उघडले. सुई केव्हाच पेटीत गेली होती. बाई कापूस दाबत होत्या.

“नाही,” तो म्हणाला.

“खरं सांग.”

“खरंच नाही दुखलं, सिस्टर.”

बाईंनी मान हलवली. आपला हात उजेडात धरून बघितला, बोटं उघडली, मिटली. “चांगला आहे की,” त्या म्हणाल्या, त्याला नाही, स्वतःलाच. “किती जणांना परत पाठवलं मी.”

मग पेटी बंद करून त्या उठल्या आणि आल्या तशाच बागेतून निघून गेल्या. जाताना दार लावलं नाही. दादा स्टुलावर बसून रडला, आणि दार उघडंच असल्यामुळे बागेतल्या सगळ्यांना तो दिसत होता.